अमेरिकेत 'प्रायमरी' होते, पुण्यात तिकीट कोण ठरवतं? कसब्याच्या दोन निकालांची गोष्ट

तारीख २ मार्च २०२३. कसबा पेठ पोटनिवडणुकीची मतमोजणी सुरू होती. भाजपनं २८ वर्षं राखलेला हा गड. शनिवार पेठ, सदाशिव पेठ, नारायण पेठ, केसरीवाडा, कसबा गणपती, तुळशीबाग असा पुण्याचा सगळा जुना भाग. गिरीश बापट इथून सलग पाच वेळा आमदार झाले होते. उमेदवार कुणीही असो, कसबा भाजपचाच, असं पुण्यातल्या कट्ट्यांवर ठरून गेलं होतं.

आणि त्या दिवशी काँग्रेसचे रवींद्र धंगेकर जवळपास ११ हजार मतांनी निवडून आले.

प्रचारात भाजपचे चंद्रकांत पाटील यांनी 'हू इज धंगेकर?' असा प्रश्न विचारला होता. निकालानंतर हेच वाक्य मीम बनून महाराष्ट्रभर फिरलं. स्टेटसला, रील्सला, फ्लेक्सवर, सगळीकडे 'हू इज धंगेकर'.

पण पुढच्या पावणेदोन वर्षांत हेच धंगेकर दोनदा हरले, आणि त्यानंतर काही महिन्यांत काँग्रेस सोडून गेले. एका प्रस्थापित पक्षाचा गड पाडणारा माणूस त्याच्या स्वतःच्या पक्षात का टिकला नाही?

या प्रश्नाचं उत्तर एका अशा गोष्टीत आहे जी अमेरिकेत असते आणि आपल्याकडे नसते. तिचं नाव प्रायमरी.

आधी समजून घेऊ, प्रायमरी म्हणजे काय?

आपल्याकडे पक्ष उमेदवार देतो आणि लोक मत देतात. अमेरिकेत मध्ये एक पायरी जास्त असते. पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरवायला आधी एक वेगळी निवडणूक होते. तीच प्रायमरी. तिच्यात मत पक्षाचे नेते देत नाहीत, साधे मतदार देतात. काही राज्यांत फक्त त्या पक्षाचा समर्थक म्हणून नोंद असलेल्यांना मत देता येतं, काही ठिकाणी कुणालाही. प्रायमरी जिंकणारा तिकीट घेऊन खऱ्या निवडणुकीत उतरतो.

याचा परिणाम काय होतो, ते न्यूयॉर्कमध्ये दिसलं. २०२५ मध्ये तिथं महापौरपदाची निवडणूक होती. डेमोक्रॅटिक पक्षाकडून एका बाजूला अँड्र्यू कुओमो. राज्याचे माजी गव्हर्नर, वडीलही गव्हर्नर राहिलेले, पैसा आणि बड्या नेत्यांचा पाठिंबा. दुसऱ्या बाजूला ३३ वर्षांचे झोहरान ममदानी, राज्याच्या विधानसभेचे सदस्य. सुरुवातीच्या चाचण्यांत ममदानींना एक टक्क्याच्या आसपास मतं दिसत होती.

ममदानींनी मुद्दे घेतले ते घरभाडं, बसचं तिकीट आणि पाळणाघराचा खर्च. मोबाईलवर चालतील असे व्हिडीओ केले, कार्यकर्त्यांना घरोघरी पाठवलं. २४ जून २०२५ च्या प्रायमरीत दहा लाखांहून जास्त लोकांनी मतदान केलं आणि शेवटच्या फेरीत ममदानी साधारण ५६ विरुद्ध ४४ टक्के अशा फरकानं जिंकले.

हे काही पहिल्यांदा झालं नव्हतं. २०१८ मध्ये न्यूयॉर्कमध्येच दहा वेळा खासदार राहिलेल्या जो क्राउली यांना अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ या २८ वर्षांच्या तरुणीनं प्रायमरीत हरवलं होतं. ती त्याआधी बारमध्ये काम करायची. २०१६ मध्ये रिपब्लिकन पक्षात डोनाल्ड ट्रम्प यांनी जेब बुश यांच्यासारख्या घराणेदार उमेदवाराला असंच बाजूला सारलं. एक डावीकडचं उदाहरण, एक उजवीकडचं. पद्धत एकच, पक्षातल्या मोठ्यांना डावलून थेट पक्षाच्या मतदारांकडे जाणं.

मग आपल्याकडे कसं असतं?

आपल्याकडे सगळा जीव एका कागदात असतो. एबी फॉर्म.

यातला ए फॉर्म सांगतो की पक्षाच्या वतीनं उमेदवार ठरवण्याचा अधिकार कोणत्या पदाधिकाऱ्याला आहे. बी फॉर्म सांगतो की तो उमेदवार कोण. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ वाजायच्या आत हे कागद निवडणूक अधिकाऱ्याकडे पोहोचले तरच पक्षाचं चिन्ह मिळतं. नाहीतर तुम्ही ३० वर्षं सतरंज्या उचलल्या असल्या तरी अपक्ष.

आता हा कागद कुणाला द्यायचा, हे कसं ठरतं? इच्छुकांच्या मुलाखती होतात, पक्ष सर्व्हे करतात, शहराची समिती नावं पाठवते, प्रदेशची समिती चाळणी लावते आणि शेवटचा निर्णय दिल्लीत किंवा पक्षप्रमुखाच्या घरी होतो. निवडणुकीच्या कायद्यात उमेदवाराचं वय, अर्ज, खर्च, प्रतिज्ञापत्र या सगळ्याचे नियम आहेत. पण पक्षानं उमेदवार कसा निवडावा, याचा नियम नाही. तो पक्षाचा खासगी मामला धरला जातो.

म्हणजे मतदाराच्या हातात बटण येतं तेव्हा निम्मी निवड आधीच झालेली असते. आणि ती करताना त्याला कुणी विचारलेलं नसतं.

२०२३ मध्ये कसब्यात नेमकं काय झालं?

२०१९ ला बापट खासदार झाले आणि कसब्यातून माजी महापौर मुक्ता टिळक २८ हजारांहून जास्त मतांनी आमदार झाल्या. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांचं निधन झालं. पोटनिवडणूक लागली.

उमेदवारी टिळकांच्या घरात जाईल असं बऱ्याच जणांना वाटत होतं. भाजपनं उमेदवारी दिली हेमंत रासने यांना. रासने महापालिकेच्या स्थायी समितीचे अध्यक्ष राहिलेले. स्थायी समिती म्हणजे महापालिकेची तिजोरी, त्यामुळं शहराच्या राजकारणात या पदाचं वजन मोठं. संघटना, नगरसेवकांचं जाळं, राज्यात सत्ता, असं सगळं रासनेंच्या मागं होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर पक्के प्रस्थापित उमेदवार.

पण नाराजी बाहेर आली. २०१९ ला कोथरूडमध्ये मेधा कुलकर्णी यांचं तिकीट कापून चंद्रकांत पाटलांना दिलं होतं. आता टिळकांच्या घरातलं तिकीट गेलं, पुढचा नंबर बापटांचा का, अशा आशयाचे फलक शहरात लागले. हिंदू महासंघाचे आनंद दवे अपक्ष उभे राहिले. आजारी असलेल्या बापटांना नाकात ऑक्सिजनची नळी असताना व्हीलचेअरवरून केसरीवाड्यात कार्यकर्त्यांसमोर यावं लागलं.

काँग्रेसमध्ये तरी एकमत होतं का? तर नाही. तिथंही जुने इच्छुक होते. बाळासाहेब दाभेकर यांनी तर अपक्ष अर्जच भरला, वरच्या नेत्यांनी समजूत काढली तेव्हा तो मागं घेतला.

कारण धंगेकर मूळचे काँग्रेसचे नव्हते. राजकारण सुरू केलं शिवसेनेत. राज ठाकरेंनी मनसे काढल्यावर ते तिकडे गेले. २००९ ला मनसेकडून कसब्यात बापटांविरुद्ध लढले आणि साधारण ८ हजार मतांनी हरले. २०१४ ला पुन्हा लढले, तिसऱ्या क्रमांकावर गेले. त्यानंतर काँग्रेसच्या जवळ आले आणि २०१७ च्या महापालिका निवडणुकीत भाजपचे मातब्बर गणेश बिडकर यांना त्यांनी पाडलं.

म्हणजे राजकारणात नवखे अजिबात नाहीत, पण काँग्रेसमध्ये नवे. त्यांची ओळख पक्षापेक्षा स्वतःची. दुचाकीवर फिरणारा, रात्री फोन केला तरी येणारा, महापालिकेत जाऊन भांडणारा नगरसेवक अशी. काँग्रेसला कसबा जिंकायचा होता आणि जिंकू शकेल असा माणूस घरच्यांपेक्षा बाहेरून आलेल्यांत दिसत होता. वरून निर्णय झाला, घरच्यांनी तो गिळला.

त्यात वेळही जुळून आली. मार्च २०२२ पासून पुणे महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक कारभार बघत होते. निवासी मिळकतकरातली ४० टक्के सवलत गेल्यामुळं लोकांना वाढीव बिलं आली होती. वाड्यांचा पुनर्विकास अडकलेला. तक्रार करायला नगरसेवक नाही म्हटल्यावर भांडणारा माणूस लोकांना जवळचा वाटला. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे आणि देवेंद्र फडणवीस पेठांमध्ये प्रचाराला उतरले, पैसेवाटपाचा आरोप करत धंगेकर कसबा गणपतीसमोर उपोषणाला बसले, त्यावर आचारसंहिता भंगाची तक्रार झाली. मतदान जेमतेम ५० टक्के झालं. आणि निकाल तुम्हाला माहितीय.

निकालानंतर काही आठवड्यांतच राज्य सरकारनं मिळकतकरातली ४० टक्के सवलत पुन्हा देण्याचा निर्णय घेतला. एका जागेच्या निकालाचा धाक किती असतो, ते पुणेकरांच्या बिलात दिसलं.

त्याच दिवशी चिंचवडमध्ये उलटं घडलं

कसब्यासोबतच चिंचवडची पोटनिवडणूक होती. भाजपनं दिवंगत आमदार लक्ष्मण जगताप यांच्या पत्नी अश्विनी जगताप यांना उमेदवारी दिली. महाविकास आघाडीत तिकिटासाठी चढाओढ होती. तिकीट गेलं राष्ट्रवादीच्या नाना काटे यांना. राहुल कलाटे नाराज झाले आणि अपक्ष लढले.

आकडे बघा. जगताप यांना साधारण १ लाख ३५ हजार मतं, काटे यांना ९९ हजार, कलाटे यांना ४४ हजार. जगताप जिंकल्या ३६ हजारांनी. काटे आणि कलाटे यांची बेरीज जगतापांच्या मतांपेक्षा जास्त होते. आता कलाटेंची सगळी मतं काटेंनाच गेली असती असं म्हणता येत नाही. पण काटे की कलाटे, हे भांडण आधी मिटलं असतं तर लढत वेगळी झाली असती, एवढं नक्की.

म्हणजे प्रायमरी आपल्याकडेही होतेच. फक्त ती वेगळी होत नाही, मुख्य निवडणुकीतच होते. अमेरिकेत पक्षातलं भांडण आधी प्रायमरीत मिटतं आणि नोव्हेंबरमध्ये समोरच्या पक्षाशी लढाई होते. आपल्याकडे दोन्ही लढाया एकाच दिवशी, एकाच मशीनवर. त्यातून निवडून कोण येतं, तर बऱ्याचदा ज्याच्या घरात भांडण कमी तो.

मग धंगेकरांचं पुढं काय झालं?

२०२४ च्या लोकसभेला काँग्रेसनं पुण्यातून धंगेकरांना उतरवलं. आमदार होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. सहा वेळा नगरसेवक राहिलेले आबा बागूल उघडपणे नाराज झाले. आयुष्य पक्षात काढलेल्यांचं काय, हा त्यांचा सवाल होता. समोर भाजपचे माजी महापौर मुरलीधर मोहोळ. मनसे सोडलेले वसंत मोरे वंचितच्या तिकिटावर. मोहोळ १ लाख २३ हजार मतांनी जिंकले. कसब्यातसुद्धा धंगेकर मागं पडले.

नोव्हेंबर २०२४ ची विधानसभा. पुन्हा कसबा, पुन्हा रासने विरुद्ध धंगेकर. यावेळी काँग्रेसच्या माजी महापौर कमल व्यवहारे यांनीच बंडखोरी केली. पर्वतीत बागूल आणि शिवाजीनगरमध्ये मनीष आनंद अपक्ष उभे राहिले. काँग्रेसनं तिघांवर निलंबनाची कारवाई केली. कसब्यात रासने १९ हजारांहून जास्त मतांनी जिंकले. व्यवहारेंना फार मतं पडली नाहीत, पण पक्ष एकसंध नाही हा निरोप गल्लोगल्ली गेला होता.

मार्च २०२५ मध्ये धंगेकर एकनाथ शिंदेंच्या शिवसेनेत गेले.

दोन निकालांमधला फरक एका कारणानं पडला नाही. २०२३ ची लढत एका जागेची होती, २०२४ ला राज्यात महायुतीची लाट होती, लाडकी बहीण योजना होती, भाजपनं कसब्यात दीड वर्ष बूथ बांधले होते. पण एक गोष्ट धंगेकरांच्या बाजूनं कधीच नव्हती. पक्षातल्या लोकांनी त्यांना निवडलेलं नव्हतं. त्यांना वरून दिलं होतं. जिंकले तेव्हा विजय त्यांचा एकट्याचा ठरला आणि हरले तेव्हा पराभवही एकट्याचाच.

प्रायमरीतून आलेल्या माणसाचं असं होत नाही असं नाही, पण त्याच्याकडं दाखवायला एक कागद असतो. पक्षाच्या इतक्या मतदारांनी मला निवडलंय. हरलेल्याला निदान एवढं समाधान असतं की आपल्याला संधी मिळाली आणि मोजणी सगळ्यांसमोर झाली.

आपल्याकडे कुणी प्रायमरी करून बघितली का?

बघितली. आणि तीही महाराष्ट्रात.

२०१४ च्या लोकसभेआधी राहुल गांधींनी देशातल्या मोजक्या मतदारसंघांत हा प्रयोग केला. त्यात महाराष्ट्रातले वर्धा आणि लातूर होते. पण मत देणारे साधे मतदार नव्हते, पक्षाचे पदाधिकारी आणि लोकप्रतिनिधी होते.

वर्ध्यात सामना झाला सागर मेघे आणि चारुलता टोकस यांच्यात. सागर मेघे हे खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव, चारुलता टोकस या दिवंगत नेत्या प्रभा राव यांच्या कन्या. मेघे जिंकले. लातूरमध्ये दत्तात्रय बनसोडे यांची निवड झाली. मुख्य निवडणुकीत मोदी लाटेत दोघंही दोन लाखांहून जास्त मतांनी हरले. काही महिन्यांत मेघे कुटुंब भाजपमध्ये गेलं. २०१९ ला वर्ध्यात काँग्रेसचं तिकीट चारुलता टोकस यांना मिळालं, यावेळी प्रायमरीशिवाय. प्रयोग तिथंच संपला.

यातून एक गोष्ट कळते. मतदारयादी पदाधिकाऱ्यांची असेल तर प्रायमरीतही घराणीच समोरासमोर येतात. न्यूयॉर्कमध्ये ममदानी जिंकले ते दहा लाख लोकांना मत देता आलं म्हणून. हीच निवड पक्षाच्या दोनशे पदाधिकाऱ्यांवर सोडली असती तर कुओमो जिंकले असते, असं मानायला बरीच जागा आहे.

मग प्रायमरी आली की सगळं ठीक होईल का?

तसंही नाही.

पहिली गोष्ट, प्रायमरीला पैसा लागतो. एकाऐवजी दोन निवडणुका लढायच्या. आपल्याकडे एका निवडणुकीचा खर्च काढताना नव्या माणसाची काय अवस्था होते, ते कुठल्याही इच्छुकाला विचारा.

दुसरी, प्रायमरीला पक्के समर्थक जास्त येतात, त्यामुळं जोरात बोलणारा, टोकाची भूमिका घेणारा उमेदवार पुढं जाऊ शकतो. ट्रम्प यांच्याबद्दल त्यांच्याच पक्षातल्या जुन्या लोकांची हीच तक्रार होती.

तिसरी, बंडखोरी तिथंही थांबत नाही. प्रायमरी हरल्यावर कुओमो अपक्ष म्हणून उभे राहिलेच. नोव्हेंबरमध्ये ममदानी ५० टक्क्यांहून थोडी जास्त मतं घेऊन महापौरपदी निवडून आले, कुओमोंना ४१ टक्क्यांच्या आसपास मतं पडली. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत प्रायमरी हरलेल्यानं पुन्हा मुख्य निवडणुकीत उतरू नये, अशी कायद्यानं अडवणूक आहे. न्यूयॉर्कमध्ये वाट मोकळी होती.

आणि चौथी गोष्ट आपल्याकडची. प्रायमरीसाठी पक्षाच्या सदस्यांची खरी यादी लागते. मिस्ड कॉल देऊन झालेले सदस्य, एकाच वेळी तीन पक्षांच्या याद्यांत असलेली नावं, यावर निवडणूक कशी घेणार?

मग मतदारानं काय करायचं?

कायद्यानं एक छोटी खिडकी उघडी ठेवलीय. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की गुन्हे दाखल असलेल्या व्यक्तीला तिकीट दिलं तर त्यालाच का निवडलं, याची कारणं पक्षानं जाहीर करायची. वेबसाईटवर, सोशल मीडियावर आणि वर्तमानपत्रात. फक्त 'निवडून येऊ शकतो' हे कारण चालणार नाही. उमेदवाराची माहिती निवडणूक आयोगाच्या ॲपवर बघता येते.

हा नियम फक्त गुन्हे असलेल्या उमेदवारांपुरता आहे. पण प्रश्न सगळ्यांच्या बाबतीत विचारता येतो. किती इच्छुक होते? मुलाखती कुणी घेतल्या? याच माणसाला का दिलं? कार्यकर्ते हा प्रश्न विचारू शकत नाहीत, त्यांना पुढच्या वेळी तिकीट हवं असतं. मतदाराला तशी काही अडचण नाही.

२०२३ ला सगळा महाराष्ट्र एकच प्रश्न विचारत होता, 'हू इज धंगेकर?' त्याचं उत्तर कसब्यानं दिलं. पण धंगेकर असोत, रासने असोत, काटे असोत की मोहोळ, या प्रत्येकाच्या नावाचा एबी फॉर्म कुणी, कुठं बसून आणि का भरला, हे कसब्यातल्या पावणेतीन लाख मतदारांपैकी किती जणांना माहीत होतं?

पुढच्या निवडणुकीत शेवटच्या दिवशी दुपारी पावणेतीनला कुणीतरी एबी फॉर्म घेऊन पळत सुटल्याची बातमी येईलच. ती बघताना हसू येतं खरं. पण तुमच्या मताचा अर्धा हिशोब त्या पळणाऱ्या माणसाच्या हातात असतो.